आगगाडीच्या वेगाची परीक्षा

बडनेऱ्याच्या फलाटावर ज्याने कधी गाडीची वाट पाहिली नाही असा वऱ्हाडी माणूस शोधूनच काढावा लागेल. अमरावतीला जायचे तर इथे उतरा, मुंबईला जायचे तर इथे चढा. मुंबईहून निघालेला रूळ १८६७ साली नागपूरला पोचला, तेव्हापासून हे असेच चालले आहे. कापसाच्या गाठी इथूनच गेल्या, शिकायला गेलेली पोरे इथूनच गेली.

या बडनेऱ्याला आता एक नवी पाहुणी येते. नागपूरच्या अजनीहून पुण्याला जाणारी वंदे भारत गाडी १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाली, आणि वर्धा, अकोला, शेगाव यांच्याबरोबर बडनेऱ्यालाही तिचा थांबा मिळाला. सुरू झाल्यानंतर थोड्याच दिवसांनी मी तिच्यासाठी फलाटावर उभा होतो. शेजारी कुरुमकडचे एक म्हातारबा आले होते. त्यांना कुठे जायचे नव्हते, नातवाला पोचवायला आले होते. मी शाळेत पंचवीस वर्षे विज्ञान शिकवले हे बोलता बोलता त्यांना कळले, आणि त्यांनी मला एकदम विचारले, "मास्तर, हे गाडी एवढी पयते म्हंतेत, त रुयावून घसरत काहून नाही?"

प्रश्न ऐकून मी हसलो, आणि मग थोडा गप्पच झालो. कारण हाच प्रश्न जगातल्या नामांकित इंजिनिअरांनी स्वतःला विचारला होता, आणि त्याचे उत्तर शोधण्यात त्यांची वर्षेच्या वर्षे गेली होती. आज तुमच्याशी बोलायचे आहे ते त्या शोधाबद्दल. वेगवान गाडी बनवणे ही अर्धी गोष्ट झाली. ती गाडी तपासतात कशी, तिची परीक्षा घेतात कशी, ही दुसरी अर्धी गोष्ट, आणि माझ्या मते तीच मोठी.

आधी घसरण्याचे पाहू. तुम्हाला वाटत असेल की चाकाच्या आतल्या अंगाला जी कडा असते, कारखान्यातले लोक जिला फ्लँज म्हणतात, ती रुळाला धरून ठेवते म्हणून गाडी घसरत नाही. ते अर्धेच खरे. कडा ही शेवटची राखणदार. रोजचे काम चाकाचा आकारच करतो. आगगाडीचे चाक सरळ उभ्या नळकांड्यासारखे नसते. ते किंचित निमुळते असते, आतल्या बाजूला जाड आणि बाहेरच्या बाजूला बारीक. गाडी डावीकडे सरकली की डावे चाक आपल्या जाड भागावर येते, उजवे बारीक भागावर जाते. दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली, म्हणून एका फेऱ्यात डावे जास्त अंतर तोडते, उजवे कमी, आणि जोडी आपोआप मध्याकडे वळते.

गुरुजींनी हा प्रयोग वर्गात करून पाहावा, खर्च काही नाही. चहाचे दोन कागदी पेले घ्या, तोंडाला तोंड लावून चिकटवा. दोन लांब पट्ट्या समांतर ठेवून थोडा उतार द्या आणि त्यांवरून ही जोडी सोडा. ती डुलेल, पण पट्ट्यांवरच राहून खाली येईल. आता दुसरे दोन पेले बुडाला बूड लावून चिकटवा आणि सोडा. चार बोटे जायच्या आत कोलमडेल. पोरांना हे दाखवल्यावर फळ्यावर काही लिहायची गरज उरत नाही.

पण मी "डुलेल" म्हणालो, त्या शब्दात सगळी भानगड आहे. चाकांची जोडी मध्याकडे येते, पण मध्यावर थांबत नाही. झोक्यासारखी पलीकडे जाते, परत येते. गाडी सावकाश असेल तर हा डोल मरून जातो. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की तो मरत नाही, वाढतच जातो. मग चाकाची कडा एकदा या रुळावर, एकदा त्या रुळावर घण घातल्यासारखी आदळते. म्हणजे ज्या निमुळत्या आकारामुळे गाडी रुळावर राहते, त्याच आकारामुळे ती भरधाव वेगात रुळावरून उतरू पाहते.

हे कोडे नीट उलगडले ते जपानात. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे विमाने बनवायला बंदी आली, तेव्हा विमानांचे काही इंजिनिअर रेल्वेच्या संशोधन संस्थेत आले. त्यांतले एक तादाशी मात्सुदाइरा. विमानाचे पंख वेगात थरथरून तुटतात, त्या थरथरीचा त्यांनी नौदलासाठी अभ्यास केला होता. रेल्वेतले जुने लोक म्हणत, गाडी हलते ती रूळ वाकडेतिकडे असतात म्हणून. मात्सुदाइरा म्हणाले, रूळ अगदी सरळ असला तरी गाडी हलेल, कारण थरथर गाडीच्या स्वतःच्या अंगात आहे. नवख्या माणसाने असे म्हटल्यावर त्याचे काय होते ते सांगायला नको. पण त्यांनी वाद घालण्यापेक्षा फिरत्या रुळांवर लहान नमुने पळवून दाखवले. मग स्प्रिंगा आणि तेलाचे दट्टे यांची अशी जुळणी शोधली की डोल जन्मताच विझावा. १९६२ साली ओदावारा गावाजवळ नव्या मार्गाचा एक तुकडा केवळ चाचणीसाठी तयार झाला, आणि ३० मार्च १९६३ रोजी त्यावर गाडी ताशी २५६ किलोमीटर धावली. तिथे आणखी एक गोष्ट उघडकीला आली, जी कागदावर कुणाच्या ध्यानात आली नव्हती. गाडी बोगद्यात शिरली की आत बसलेल्यांचे कान दुखू लागत. बोगद्यातली हवा एकदम दाबली जाई आणि तो दाब डब्यात घुसे. मग डबे हवाबंद करावे लागले. १ ऑक्टोबर १९६४ ला टोकियो ते ओसाका ही गाडी लोकांसाठी सुरू झाली, तेव्हा तिचे असे कितीतरी दोष आधीच पकडले गेले होते.

दोष पकडले जाणे हेच परीक्षेचे यश, असे मी म्हणतो. जर्मनीतली गोष्ट याहून जुनी आहे. बर्लिनजवळ मारियनफेल्डे ते झोसेन असा सुमारे २३ किलोमीटरचा लष्कराचा मार्ग होता. १९०१ साली त्यावर विजेची गाडी ताशी १६० च्या आसपास गेली आणि रूळच टिकेनात. त्यांनी गाडी गुंडाळून ठेवली नाही. वजनदार रूळ टाकून, बैठक मजबूत करून पुन्हा सुरुवात केली, आणि ऑक्टोबर १९०३ मध्ये ताशी २१० किलोमीटर गाठले. लक्षात घ्या, १९०३! आपल्या घरी त्या काळी दमणी आणि छकडा.

फ्रान्सने २८ आणि २९ मार्च १९५५ ला दोन विजेची इंजिने पळवली, ताशी ३३१ किलोमीटर. जगभर वाहवा झाली. पण तारेवरून वीज घेणारा वरचा सांगाडा वितळू लागला होता आणि मागे राहिलेले रूळ सापासारखे वळले होते. त्या रुळांचे छायाचित्र कित्येक वर्षे लोकांपुढे आणले नाही. विक्रम झाला, पण तशी गाडी माणसांना बसवून चालवायला त्यांना १९८१ साल उजाडावे लागले. एकदा धावणे आणि रोज धावणे यांत एवढे अंतर असते.

आता तुम्ही म्हणाल, हे परदेशचे झाले, आपल्याकडचे काय?

आपल्याकडे लखनौला रेल्वेची संशोधन संस्था १९५७ साली स्थापन झाली. त्या वेळी आपल्या चांगल्या गाड्या ताशी शंभराच्या आत होत्या. उद्दिष्ट ठेवले १६० चे, पण मधला मुक्काम १२० चा. १९६२ पासून काम चालले, १९६७ पासून प्रत्यक्ष रुळांवर चाचण्या झाल्या, आणि १ मार्च १९६९ ला दिल्लीहून हावड्याला पहिली राजधानी गाडी १२० च्या वेगाने सुटली. वीस किलोमीटरचा वेग वाढवायला सात वर्षे! अधीर माणसाला हे हास्यास्पद वाटेल. मला ते शेतकऱ्याचे शहाणपण वाटते; नवे बियाणे आधी दोन तासांत पेरून पाहावे, मग सारे वावर पेरावे.

परीक्षा होते कशी ते सांगतो, कारण हे सहसा कुणी सांगत नाही. नवी गाडी कारखान्यातून आली की ती आधी रिकामी पळवतात. मग प्रवाशांच्या वजनाइतकी वाळूची पोती बाकांवर ठेवून पळवतात. हो, वाळूचीच. २०१६ साली स्पेनहून आणलेल्या टाल्गो गाडीची बरेली–मुरादाबाद मार्गावर परीक्षा झाली, तेव्हाही असेच प्रवासी होते. न बोलणारे, न भांडणारे. डब्याखालच्या चाकांच्या जोडणीला रेल्वेवाले बोगी म्हणतात, आपण मात्र अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो, असो. त्या जोडणीवर आणि डब्याच्या तळाला यंत्रे बसवतात. आडवा धक्का किती, उभा धक्का किती, याची ती क्षणाक्षणाला नोंद घेतात. वेग एकदम वाढवत नाहीत. एकेक पायरी चढतात आणि प्रत्येक पायरीची नोंद वाचल्याशिवाय पुढची चढत नाहीत. सरळ मार्गावर, वळणावर, सांध्यावर, पुलावर, सगळीकडे. ब्रेक कोरड्या रुळावर लावून पाहायचा आणि ओल्या रुळावरही. शिवाय ज्या वेगाने गाडी रोज चालवायची त्याच्या वरच्या वेगाने ती परीक्षेत धावली पाहिजे. वंदे भारत गाडी डिसेंबर २०१८ मध्ये राजस्थानात कोट्याच्या बाजूला ताशी १८० च्या वर गेली, ती १६० चा परवाना मिळावा म्हणून. २०२२ साली कोटा–नागदा मार्गावर त्याच वेगात पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला होता आणि तो सांडला नाही, हे चित्र तुम्ही पाहिले असेल. चित्र छान आहे. पण पेला डोळ्यांची समजूत घालतो. खरी साक्ष त्या कागदावरच्या रेघांची.

आणि परीक्षक कोण? गाडी ज्यांची, परीक्षक त्यांचाच, असे होऊ नये म्हणून आपल्याकडे रेल्वे सुरक्षा आयुक्त हा अधिकारी रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली ठेवलेला नाही, तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहे. ज्याने शिकवले त्यानेच पेपर तपासू नये, हे आम्हा शिक्षकांना लवकर पटेल.

परीक्षेत कसूर झाली तर काय होते, तेही ऐकून ठेवा. जर्मनीच्या वेगवान गाडीला धडधड फार होते अशी तक्रार होती. म्हणून चाकाच्या मध्यभागाला रबराचे कडे आणि त्यावर लोखंडी धाव, असे ट्रामगाडीच्या धर्तीचे चाक बसवले. धडधड थांबली. पण हे चाक एवढ्या वेगात वर्षानुवर्षे फिरल्यावर त्याचे काय होईल, याची पुरेशी चाचणी झाली नव्हती. ३ जून १९९८ ला एशेडे गावाजवळ ताशी २०० च्या वेगात एक धाव फुटली, डबे पुलावर आदळले आणि १०१ माणसे गेली. बैलगाडीची धाव निघाली तर आपण उतरून दगडाने ठोकतो. तिथे उतरायला वेळ नसतो.

सगळ्याच चाचण्या गावापर्यंत पोचतात असेही नाही. २०१८ साली मुंबई–पुणे हायपरलूपचा करार झाला होता. बंद नळीतून जवळजवळ सगळी हवा काढून टाकायची आणि आतून डबा सोडायचा, अशी ती कल्पना. अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात ८ नोव्हेंबर २०२० ला ५०० मीटरच्या नळीत पहिल्यांदा माणसे बसली. त्यांत पुण्याचे तरुण अभियंता तनय मांजरेकर होते. ताशी १६० च्या पुढेमागे वेग, आणि सगळा प्रवास काही सेकंदांचा. २०२३ संपता संपता ती कंपनीच बंद झाली. पुण्याकडे एक नळीही पडली नाही. मला याचे दुःख नाही. प्रयोग फसतातच. मात्र प्रयोग आणि योजना यांची गल्लत करून आधीच वेळापत्रक जाहीर करू नये, एवढेच.

मुंबई–अहमदाबाद हा ५०८ किलोमीटरचा मार्ग वेगळा. त्याची पायाभरणी २०१७ साली झाली आणि काम चालू आहे. तिथे खडी नाही, सिमेंटच्या लाद्यांवर रूळ; फाटक नाही, गुरे नाहीत; बहुतेक सगळे उंच खांबांवर नाहीतर भुयारात. ताशी ३२० साठी अशी वेगळी वाटच लागते.

आपली वाट मात्र तीच जुनी आहे. इगतपुरीपासून भुसावळवरून बडनेऱ्यापर्यंतच्या सव्वापाचशे किलोमीटरच्या मार्गावर २०२३ साली वेगाची मर्यादा ११० वरून १३० केली. म्हणजे १८० ला उतरलेली गाडी आपल्याकडे १३० ने धावते, आणि तेही सगळीकडे नाही. अजनी ते पुणे ८८१ किलोमीटर, वेळ बारा तास. भागाकार करा, ताशी ७३ येतात. कुणी म्हणेल, एवढ्यासाठी का हा खटाटोप? त्यांनी मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी आपली शकुंतला आठवावी. ७६ किलोमीटरला चार तास लागत. धावत्या गाडीतून उतरून बोरे वेचून पुन्हा चढता येते, अशी तिची थट्टा होत असे. ती बंद पडली तेव्हा थट्टा करणाऱ्यांनाच वाईट वाटले.

हे सगळे मी म्हातारबांना जमेल तेवढे सांगितले. गाडी अजून आली नव्हती. त्यांनी पेल्यांची गोष्ट नीट ऐकली, मान डोलावली आणि म्हणाले, "माहं वावर रुयाच्या पल्याड हाय." त्यांच्या गावची जुनी वहिवाट रुळावरूनच जाते. जवळच खालून काढलेला बोगदा आहे, पण पावसाळ्यात त्यात पाणी साचते. म्हणून बैल घेऊन लोक वरूनच जातात. आयुष्यभर त्यांनी गाडीचा अंदाज घेतला तो आधी धुरावरून, मग आवाजावरून. आता धूर नाही. आगगाडीत आगच उरलेली नाही, नाव तेवढे राहिले. आणि नवी गाडी आवाजही फार करत नाही.

मी तिकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. समजा, गाडी ८०० मीटरवर दिसली. जुनी पॅसेंजर ताशी ५० ने येई. तिला तुमच्यापर्यंत यायला सत्तावन्न-अठ्ठावन्न सेकंद लागत. १३० ने येणारी गाडी सेकंदाला ३६ मीटर तोडते. ती बावीस सेकंदांत येते. ड्रायव्हरने त्याच क्षणी ब्रेक दाबला तरी थांबायला एक किलोमीटरच्या आसपास लागते, कारण वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. आणि बैलजोडी? खडीतून ताशी तीन किलोमीटर धरा. दोन्ही मार्ग ओलांडून शेवटचा पाय बाहेर पडायला वीस-एकवीस सेकंद.

गुजरातेत वटव्याजवळ ६ ऑक्टोबर २०२२ ला अशीच नवी गाडी म्हशींवर आदळली, गाडीचे नाक फुटले. नाक दुसऱ्या दिवशी नवे बसले. पुढे त्या मार्गाला लोखंडी कुंपण घातले. लखनौच्या संस्थेत चाक तपासता येते, ब्रेक तपासता येतो. कुरुमकडच्या वहिवाटेवर कोण केव्हा जातो, याची नोंद त्यांच्या यंत्रावर उमटत नाही. ती नोंद गावानेच करायची आहे. बोगद्यातल्या पाण्याबद्दल ग्रामपंचायतीचा ठराव, त्यावर किती माणसे आणि किती गुरे रोज जातात याची मोजदाद, आणि तो कागद भुसावळच्या विभागीय कार्यालयात. तोंडी सांगितलेले तिथे टिकत नाही, आकडे टिकतात.

ही मोजदाद मोठ्या वर्गातली मुले करू शकतील. त्यांना वेग मोजायलाही शिकवा, पण रुळाजवळ नेऊन नव्हे. सहलीला गाडीत बसाल तेव्हा. खिडकीतून किलोमीटरचा दगड दिसला की घड्याळ पाहायचे, पुढचा दगड आला की पुन्हा पाहायचे. ३६०० ला तेवढ्या सेकंदांनी भागा. ताशी वेग आला. छत्तीस सेकंद लागले तर १००. सत्तावीस-अठ्ठावीस लागले तर १३०.

म्हातारबांनी माझ्या हातातले तिकीट घेतले, बावीस आणि एकवीस या दोन आकड्यांवर बोट ठेवले. लिहितावाचता येत नव्हते, पण आकडे येत होते. गाडीची घोषणा सुरू झाली होती. ते म्हणाले, "एक सेकंद उरते म्हना. अन् बैल अडला त?"